झेंडा खाली ठेवलाय, आता काय? एका माजी कार्यकर्त्याची कामचलाऊ गाईड

सतरा वर्षं मी एका पक्षाचं काम केलं. कुठल्या ते सांगत नाही, कारण तुम्ही कुठलाही लावा, गोष्ट तीच निघते. सतरंज्या उचलल्या, बूथवर बसलो, साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर पदरच्या पैशाने छापले, आणि एका प्रचारात चुलतभावाशी असं भांडलो की त्याच्या लेकीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही. मग 2019 च्या नोव्हेंबरात तो पहाटेचा शपथविधी झाला, जून 2022 ला एक पक्ष फुटला, जुलै 2023 ला दुसरा, आणि टीव्हीवर बघतो तर ज्यांच्यापायी आम्ही एकमेकांची डोकी फोडायला निघालो होतो ते एका रांगेत बसून हसतायत. त्या दिवशी चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "आता कुणाकडून हाय रे तू?" मला खरंच सांगता येईना.

तर ज्यांचं असंच झालंय आणि जे आता "राजकारणच नको बाबा" म्हणून घरात मोबाईल बघत बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात, टँकरचं आणि ऊसतोडीचं. त्यामुळे उदाहरणं पाण्याचीच येतील, तुमच्याकडे दुखणं वेगळं असेल तर तसं बदलून घ्या.

एक लक्षात घ्या, कार्यकर्तेपणात आपण फुकट नाही झिजलो. कुठल्या वस्तीवर किती घरं, कुणाचं कुणाशी फाटलंय, कोण रात्री अकराला फोन केला तरी चप्पल घालून निघतो, कोण नुसतं "हो हो" म्हणतो, हे तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं तलाठ्याला नाही आणि बाहेरून आलेल्या एनजीओवाल्याला तर नाहीच नाही. हेच तुमचं भांडवल.

आधी नको ते टाळा

पहिलं म्हणजे लगेच नवीन संघटना, लोगो, टी-शर्ट, अध्यक्ष-उपाध्यक्ष काढू नका. पदं वाटली की त्याच रात्री दोन गट पडतात, हे मी पैज लावून सांगतो. दुसरं, गावात पहिला प्रश्न येणार, "सरपंचकीला उभं राहायचंय वाटतं?" त्याचं उत्तर गुळमुळीत देऊ नका. मी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं की पाच वर्षं मी आणि माझ्या घरातलं कुणी फॉर्म भरणार नाही. तुम्हाला उभं राहायचंच असेल तर त्यात पाप काही नाही, फक्त मग लोकवर्गणीच्या खात्यावरून सही काढून घ्या, तेही फॉर्म भरायच्या आधी.

मतदान मात्र सोडू नका. आणि ते "गाव बिनविरोध करू" चं खूळ पण जपून. भांडणं मिटवून बिनविरोध झालं तर चांगलंच, पण बऱ्याच ठिकाणी बिनविरोध म्हणजे पैसेवाल्याने बोली लावून घेतलेलं सरपंचपद असतं. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी ग्रामपंचायतीची निवडणूक याच लिलावापायी रद्द केली होती. देवळाच्या नावाने बोली लागली म्हणून ती पवित्र होत नाही. तसंही ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जातच नाही, कायद्यानेच. पक्ष आपण खिशात घालून नेतो.

पहिलं काम कुठलं घ्यायचं

छोटं घ्या. महिन्यात संपेल असं, डोळ्याला दिसेल असं आणि दोन्ही गटांच्या दारावरून जाईल असं. आम्ही पुरुष मंडळी पारावर बसलो तर अर्ध्या तासात एकमत झालं, गावाला स्वागत कमान पाहिजे! वरती नाव कुणाचं टाकायचं यावर फक्त वाद राहिला होता. मग बचत गटातल्या एका काकूंनी विचारलं की कमानीखालून टँकरच यायचा ना? सगळे गप. बायकांनी काम सांगितलं ते असं की जुन्या आडाचा काठ ढासळलाय, पाणी असूनही तिथं उभं राहायची भीती वाटते, तेवढा बांधून द्या. अकरा दिवसांत झालं. खर्च कमानीच्या पायाएवढा पण नाही आला. तेव्हापासून नियमच केलाय की काम बायकांनी सुचवायचं. कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची सांगितलीये, बहुतेक गावात ती रजिस्टरवर होते. ती खरी घ्या, पुरुषांना बाहेर बसवून.

ग्रामसभा सोडून स्वावलंबन होत नाही

इथं बरेच जण चुकतात. राजकारणाचा कंटाळा आला म्हणून ग्रामपंचायतीला बायपास करून सगळं लोकवर्गणीतून करायला जातात. अरे पण पंचायतीत येणारा पैसा तुमचाच आहे ना. 2015 पासून केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, आणि पंधराव्या आयोगात 2021 नंतर तर 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची अट होती. आपण इकडे पन्नास-पन्नास रुपये गोळा करतोय आणि तिकडे त्याच कामाचं बिल निघालेलं असतं, असं झालंय आमच्याकडे.

ग्रामसभा वर्षाला किमान चार. साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी ते. आता गंमत बघा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे सकाळी मुद्दाम कुणाला न कळवता सभा लावायची, दहा जण येणार, तहकूब करायची आणि नंतर त्याच दहा जणांत ठराव उरकायचे. हा डाव मोडायला एकच उपाय, शंभर माणसं पहिल्याच सभेला आणून बसवायची, आणि हे काम तर आपण सतरा वर्षं सभेला ट्रक भरून केलेलंच आहे की.

ऊसतोडीच्या गावांनी अजून एक बघायचं. आमचं निम्मं गाव दसरा झाला की कोयता घेऊन बाहेर पडतं ते गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतं. म्हणजे 26 जानेवारीच्या सभेला जे बसतात ते मागं राहिलेले, बागायतवाले आणि म्हातारीकोतारी. सगळे महत्त्वाचे ठराव त्याच सभेत व्हायचे, योगायोग म्हणा. आम्ही ठरवलं की मोठं काही असेल तर 1 मे ला, नाहीतर माणसं निघायच्या आधी 2 ऑक्टोबरला. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, ठराव प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या नोंदवहीत) लिहिल्याशिवाय आणि वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. कोऱ्या पानावर सह्या तर अजिबात नाही.

माहिती हवी असेल तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. "मागच्या दहा वर्षांची सगळी माहिती द्या" असला अर्ज करू नका, त्याने फक्त ग्रामसेवक भडकतो. एक काम, एक वर्ष, त्याची मोजमाप पुस्तिका आणि बिलं, एवढंच मागा. आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा अर्ज करायची वेळच येत नाही, चहाला बसून शांतपणे "भाऊसाहेब रोकडवही बघू द्या की" म्हटलं तरी दाखवतात. धमकी शेवटी.

पैसा

गावची कामं पैसा नसल्यामुळे बंद पडत नाहीत, हिशोबामुळे पडतात. खातं तिघांच्या नावावर, त्यात एक बाई, एक दुसऱ्या गटातला, आणि पैसे काढायला किमान दोन सह्या. रोख घेतली तर त्याच दिवशी पावती. हिशोब व्हॉट्सअप ग्रुपवर नाही टाकायचा, तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. चावडीच्या भिंतीवर काळा फळा रंगवून घ्या, वर लिहा जमा, खाली खर्च, उजव्या कोपऱ्यात शिल्लक. ज्याने वीस रुपये दिले त्याचं नाव आणि ज्याने वीस हजार दिले त्याचं नाव एकाच अक्षरात.

जेसीबी किंवा पोकलेन लावली तर तासाचा हिशोब ड्रायव्हरच्या तोंडावर सोडू नका. मशीनमध्ये तासाचं मीटर असतं, सुरू करताना एक फोटो, बंद करताना एक फोटो. डिझेल आपण भरणार असू तर टाकी भरताना आपला माणूस उभा पाहिजे. आमचं पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. वर्गणीचे सगळे पैसे नाला खोलीकरणात घातले, पोकलेन आठ दिवस धडधडत होती, लोक सेल्फी काढायला यायचे, आणि निघालेली माती काठावरच ढीग लावून ठेवली होती. जूनच्या दुसऱ्या पावसात वरची डोंगरातली माती खाली आली, काठावरची आत घसरली आणि नाला होता तिथं परत सपाट झाला. गावाने मला वर्षभर "गाळसम्राट" म्हणून हाक मारली. बरोबरच होतं म्हणा.

माथा ते पायथा, आणि एक काठ्यांचा ए

चूक ही होती की आम्ही खालून सुरुवात केली. पाणी वरून येतं, माती पण वरूनच येते, त्यामुळे काम आधी डोंगरमाथ्यावर, मग उतारावर, मग शेताची बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी नाला. हे माथा ते पायथा पाणी अडवून नाव काढलेल्या कडवंची, हिवरे बाजार या गावांपासून सगळे जुनेजाणते सांगत आलेत, आपल्याला पोकलेनची घाई.

सुरुवात हिशोबाने करा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की 10,000 लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर. हे वाक्य आमच्या गावात पोरासोरांना पाठ आहे. गावचं शिवार 1000 हेक्टर आणि पाऊस 500 मिलिमीटर धरला तर वर्षाला पाच लाख टँकर आभाळातून येतात. माणसं 2000 आणि माणशी रोज 55 लिटर धरलं तर प्यायला-वापरायला रोजचे 11 टँकर, वर्षाचे साधारण चार हजार. पाच लाखांतले चार हजार! आणि त्यासाठी आपण तहसीलच्या दारात बसायचो. आता दुसरी बाजू, पाटाने पाणी दिलेला ऊस 2000 मिलिमीटरच्या आसपास पाणी पितो, म्हणजे हेक्टरी दोन हजार टँकर. दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी बरोबरीत. हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा चावडीवर जी शांतता पसरली तशी मी कुठल्या सभेत बघितली नाही. (दुसऱ्या दिवशी एक बागायतदार माझ्याशी बोलायचे बंद झाले, ते अजून बंदच आहेत.)

उतारावर सलग समतल चर (पाणी अडवून मुरवायला डोंगराला आडवे खणलेले लांब खड्डे) खणायचे असतील तर रेषा समपातळीत आखावी लागते, नाहीतर पाणी एका टोकाला पळतं आणि चर फुटतो. त्यासाठी मशीन लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या, पुरुषाहून थोड्या उंच, वरच्या टोकाला घट्ट बांधा, मधे आडवी काठी बांधा, इंग्रजी ए दिसला पाहिजे. वरच्या गाठीतून सुतळी सोडून खाली दगड बांधा, सुतळी आडव्या काठीला घासून लोंबली पाहिजे. आता दोन दगडांवर पाय टेकवा, सुतळी जिथं येते तिथं आडव्या काठीवर खूण करा. मग ए उलटा फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या, पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण करा, ती तुमची समपातळी. मग डोंगरावर एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवत राहायचं, सुतळी मधल्या खुणेवर आली की तिथं फक्कीने टिपका टाकायचा आणि पुढं. वारं असेल तर सुतळी हलत राहते, म्हणून आखणी सकाळी लवकर. आमच्याकडे नववीच्या दोन पोरींचा हात यात असा बसला की त्यांची आखणी दुसऱ्या कुणी तपासायला जात नाही.

चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 खोल, माती खालच्या अंगाला टाकायची, वरच्या नाही. एक मीटर चर एकदा भरला की 180 लिटर पाणी धरतो, मग तुम्हीच गुणाकार करा. डोंगर बहुतेक वनखात्याचा किंवा गायरान असतो, त्यामुळे खणायच्या आधी ग्रामसभेचा ठराव आणि संबंधित खात्याची लेखी परवानगी, नाहीतर श्रमदानावर गुन्हा दाखल व्हायचा. मे मध्ये काम सकाळी साडेपाच ते साडेआठ, त्यापुढं नाही, उन्हानं माणूस पडला की सगळं तिथंच संपतं.

पाणी आलं, पण कुणाचं?

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. श्रमदानाला सगळ्यात जास्त कोण येतं? भूमिहीन. सहा महिने ऊस तोडून हाताला घट्टे पडलेली माणसं गावाच्या प्रेमापोटी कुदळ घेऊन येतात, चर भरतात, पाणी मुरतं आणि उतरतं कुठं, तर खालच्या काळ्या रानातल्या विहिरीत. तिथल्या बागायतदाराचा पंप सुरू होतो आणि खणणाऱ्याला काय मिळतं, व्हॉट्सअपवर फोटो. आमच्याकडे वस्तीवरच्या एका मामांनी तोंडावर विचारलं, "माझ्या घामाचं पाणी ह्याच्या उसाला का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर पुरंदरमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वीच देऊन झालंय. विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली ती 1972 च्या दुष्काळानंतर. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आम्हाला एवढं जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू. आम्ही एवढंच केलं की जेवढं काम रोजगार हमीत बसवता येईल तेवढं बसवून भूमिहीनांना मजुरी मिळवून दिली, तळ्यातल्या मासेमारीचा हक्क त्यांच्या गटाला दिला, आणि आडाच्या पाण्यावर कुणाची पाळी आधी कुणाची नंतर हा विषय कायमचा बंद केला. जातीवरून पाळी लावणारं गाव स्वावलंबी झालं काय आणि नाही झालं काय.

ह्याच्याच जोडीला अजून एक. "गावाने एकमताने ठरवलंय" हे वाक्य फार गोड वाटतं पण त्याची काठी पण होते. श्रमदानाला न आलेल्याचं पाणी तोडा, दंड करा, किराणा देऊ नका असलं कुणी बोललं तर तिथंच थांबवा, सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात 2016 चा कायदा आहे आणि तो बरोबर आहे. न येणाऱ्याला न येऊ द्या. फळ्यावर आलेल्यांचीच नावं लिहायची, न आलेल्यांची नाही.

निर्णय कसे घ्यायचे यावर मला मेंढा लेखाचं फार कौतुक वाटतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटंसं गाव, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. ते सगळं सर्वसहमतीने ठरवतात, आणि घाई न करता आधी अभ्यासगटात विषय घोळवतात. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकतात. म्हणजे बघा, त्यांनी सरकारला पाठ नाही दाखवली, सरकारचाच कायदा वाचून काढला. पण आमच्यासारख्या गटबाजीच्या गावात पूर्ण सर्वसहमती धरून बसलं की एक आडमुठा सगळं अडवतो. त्यामुळे आम्ही मधला रस्ता काढला, पैशाचा निर्णय असेल तर एकाचाही विरोध असला तरी पंधरा दिवस थांबायचं आणि त्याच्या घरी जाऊन बोलायचं. बाकी बहुमत.

स्पर्धांबद्दल विचाराल तर पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेने, माणसं घराबाहेर काढली हे खरंच. 2016 ला तीन तालुके होते ते 2018 ला 75 झाले, मी स्वतः ए-फ्रेम तिथं शिकलेल्या पोराकडूनच शिकलो. पण बक्षिसासाठी खणलेली गावं आणि त्यानंतरही खणत राहिलेली गावं यात फरक आहे. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी 1990 च्या सुमारास हातात घेतलेलं काम आज पस्तीस वर्षं चालूय आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवतात. पर्जन्यमापक शाळेत लावा, स्वस्तात येतो. आकडा रोज सकाळी फळ्यावर.

साहेब आले तर

येणारच. काम दिसायला लागलं की उद्घाटनाला फोन येतो. हाकलून लावू नका, विनाकारण वैर होतं आणि ते पक्षाचे असले तरी पाहुणे आहेत. आम्ही सांगतो, या, सकाळी साडेपाचला या, हार-तुरे नाहीत, स्टेज नाही, कुदळ देऊ. बहुतेकांना त्या दिवशी तातडीची मीटिंग निघते. एकजण आले मात्र. धोतर खोचून खणले, चांगले खणले. फळ्यावर त्यांचं नाव सदतिसावं आहे, पुढं लिहिलंय एक तास दहा मिनिटं, दोन मीटर.

आणि आता पावसाळ्याचं. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी नाही, पाऊस उघडल्या उघडल्या फावडं आणि बॅटरी घेऊन डोंगरावर जायचं, निदान चौघांनी. चर कुठं फुटला, पाणी कुठल्या कोपऱ्यातून सांडतंय, दगडी बांधाखालून माती कुठं वाहून चाललीये हे तेव्हाच दिसतं, सकाळी फक्त चिखल दिसतो. फुटलेल्या जागी आधी दगड, मग माती, आणि त्याच्या वरच्या अंगाला घायपाताची रोपं नाहीतर दोन ओंजळी गवताचं बी. मागच्या जूनमध्ये मी गेलो तेव्हा वरच्या चराजवळ आधीच एक बॅटरी हलत होती. चुलतभाऊ होता. म्हणाला, "धर हा दगड, सतरा वर्षं नुसता झेंडा धरलास."